मास्टरांनी शिव्या सोडल्या तेव्हा

ये गं, खुर्ची ओढ अशी जवळ. हो, माहीत आहे मला, तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे सुरतेत, भेस्तानला. पण वाचताना तरी जवळ बसावं माणसानं. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. तुझी आई सांगत होती, परदेशात शिकायला जायच्या परीक्षेसाठी तू रोज पन्नास इंग्रजी शब्द पाठ करतेस, आणि आठवड्यानं त्यातला एकही धड आठवत नाही म्हणून रडतेस. रडतेस काय, वेडे? चार महिने झाले, आजीला एक फोन नाही, आणि मोबाईलमधल्या त्या बाईचे उच्चार मात्र दिवसभर ऐकतेस. ती बाई तुला शब्द सांगते. तो कुणाचा, ते सांगते का?

लहानपणी तू विचारायचीस, आजी, तू सातवी शिकलेली, मग तुला इतके अवघड इंग्रजी शब्द कसे येतात? मी हसून टाळायची. टाळायची कारण खरं उत्तर ऐकायचं तुझं वय नव्हतं. मी इंग्रजी शिकले ते शिव्यांपायी. आता मिट तोंड आणि ऐक.

तेव्हा मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका साड्यांच्या कारखान्यात घडीखात्यात होते. छापून आलेलं कापड तपासायचं, लोंबणारे धागे कापायचे, साडीची घडी घालायची, घडीत पुठ्ठा सरकवायचा, पिशवीत भरायची. चाळीसेक माणसं होतो आम्ही. निम्मी आपली खानदेशातली, शिरपूर-शहादा-पारोळ्याकडची. आणि आमच्या डोक्यावर मास्टर. तिकडे खात्याच्या वरच्या माणसाला मास्टरच म्हणतात, त्याचा शाळेशी काही संबंध नाही.

मास्टर अस्सल सुरती. ठेंगणे, पोट पुढे, पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर रोज नव्या रंगाचा डाग. आवाज असा की मशीन चालू असतानाही पलीकडच्या खात्यात ऐकू जावा. आणि तोंडात शिवी. आता सुरती माणसाची शिवी तुला कशी समजावू? त्यात राग नसतो गं. आपण 'अगं' म्हणतो, 'अहो' म्हणतो, तशी ती येते. 'या'च्या आधी एक, 'बसा'च्या नंतर एक. मी अमळनेरची, घरात कुणी 'गाढवा' म्हटलं तरी आई रागवायची. पहिल्याच दिवशी मास्टरांनी मला प्रेमानं चहा घ्यायला सांगितला, आणि त्या एका वाक्यात चहाला, कपाला आणि चहा आणणाऱ्याला मिळून तीन शिव्या दिल्या. माझ्या हातातली कात्री खाली पडली. घरी येऊन तुझ्या आजोबांना म्हटलं, मी उद्या जाणार नाही. ते म्हणाले, "तुला दिली का शिवी?" मी म्हटलं, "नाही, चहाला दिली." ते म्हणाले, "मग चहाला ठरवू दे जायचं की नाही."

गेले. तीन महिन्यांत मशीनच्या आवाजासारख्या शिव्याही ऐकू यायच्या बंद झाल्या.

मग एका सोमवारी मास्टर आले आणि दुपारपर्यंत एक शिवी नाही. आम्ही घाबरलोच. कुणीतरी वारलं असेल, असंच वाटलं मला. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं तेव्हा ते पिंपावर बसले आणि म्हणाले, "बेन, में तो बाधा लीधी छे."

बाधा म्हणजे गुजरातीत देवापुढे घेतलेला नेम. झालं होतं असं. मास्टरांची नात, साडेतीन वर्षांची, आजोबांच्या मांडीवर वाढलेली. तिला शाळेत घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "बेटा, तुझं नाव काय?" पोरीनं नाव सांगितलं, आणि आजोबा तिला लाडानं त्या नावाच्या पुढे-मागे जे जे लावायचे, तेही सगळं सांगितलं. बाई म्हणे खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. सुनेला शाळेत बोलावून घेतलं. सून बँकेत नोकरी करणारी, शांत, पण बोलली की बोलली. तिनं सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "पप्पा, यापुढे तुमच्या तोंडून एक जरी शिवी निघाली, घरात किंवा बाहेर, तर मी पोरीला घेऊन अडाजणच्या फ्लॅटवर राहायला जाईन." फ्लॅट घेऊन ठेवलेलाच होता. मास्टरांनी त्याच पावली देवघरात जाऊन मातेपुढे दिवा लावला आणि शिवी सोडली.

"पोरगी गई तो हुं गयो," म्हणाले. एवढा आडदांड माणूस, पण हे बोलताना आवाज अगदी बारीक झालेला.

आता नेम घेतला खरा, पण पन्नास वर्षांचं तोंड. शिवी आली की ती अडवायची कशी? तो आठवडा त्यांनी गाल फुगवून काढला. पुढच्या सोमवारी तापीकाठच्या रविवारच्या बाजारातून आणलेली इंग्रजी डिक्शनरी घेऊन आले. ही एवढी जाड. पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे मास्टरांचं इंग्रजी 'डी'पासून सुरू व्हायचं. रोज सकाळी बसमध्ये एक शब्द निवडायचे. अर्थ नंतर बघायचे, आधी बोलून बघायचे. मला म्हणायचे, "बेन, शब्द बोलल्यावर छाती मोकळी झाली पाहिजे. नाही झाली तर तो शब्द काय कामाचा?" बारक्या शब्दांना ते हातच लावत नसत. चार-पाच ठेचा खात बाहेर पडेल असाच शब्द पाहिजे. आणि एकदा निवडला की दिवसभर तोच.

पहिल्या दिवशीचा शब्द अजून कानात आहे. सुकदेव म्हणून शहाद्याचा एक कारागीर होता, कापड ताणून गुंडाळणारं रोलरचं मशीन चालवायचा. चांगला माणूस, पण सुईला घाबरायचा. कारखान्यात रक्त तपासायला डॉक्टर आले तेव्हा कापडाच्या ढिगामागे लपून बसलेला. मास्टर त्याला शोधून काढून ओरडले, "पुसिलॅनिमस!"

खात्यातले हात थांबले. बाई, काय झालं सांगू तुला? पाच वर्षं आईवरून, बहिणीवरून बोलणं हसत ऐकणारा सुकदेव पांढराफटक पडला. बाहेर आला आणि अंगातला कामाचा कोट काढून ठेवला.

"मास्टर, तुम्ही आईवरून बोला, ते आमले समजस. पन हाई काय बोलनात? याना अर्थ सांगा माले, नहीतर मी चालनू."

मास्टरांना तरी कुठे अर्थ सांगता येत होता! इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ दिलेली डिक्शनरी, त्यातल्या अर्थाचाही अर्थ लागत नव्हता. सुकदेवच्या मागे आणखी सात जण उभे राहिले. त्यांचं म्हणणं, रोजची शिवी काय, ती घरचीच आहे. पण न कळणारी शिवी म्हणजे काहीतरी फार मोठी असणार. दोन तास काम बंद. आणि मागणी काय, तर आमच्या जुन्या शिव्या परत द्या! मी कात्री हातात घेऊन नुसती बघत होते. माणसं शिव्या नकोत म्हणून भांडतात हे ऐकलं होतं. शिव्या पाहिजेत म्हणून भांडणारी तेव्हाच बघितली.

मास्टर माझ्याकडे आले. कपाळावर घाम. साडीच्या पुठ्ठ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बेन, तुमच्या मुलाकडे मराठीवाली डिक्शनरी आहे ना? उद्या अर्थ घेऊन या. नाहीतर मला परत शिवी द्यावी लागेल, आणि मग माझी पोरगी..."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांपुढे उभी राहून अर्थ सांगितला. पुसिलॅनिमस म्हणजे कच्च्या काळजाचा, भित्रा. सुकदेवनं कान देऊन ऐकलं. "एवढंच?" म्हणाला. त्याचा अगदी विरसच झाला. "हाई तं मन्ही बायको रोज म्हनस." आणि कोट घालून मशीनवर गेला.

तेव्हापासून ती माझी ड्युटीच झाली. मास्टर पुठ्ठ्यावर शब्द लिहून आदल्या दिवशी माझ्याकडे द्यायचे, मी घरी अर्थ शोधायची, वहीत उतरवायची. दुसऱ्या दिवशी मास्टर कुणावर तरी तो शब्द टाकायचे, चाळीस मुंडकी माझ्याकडे वळायची, मी अर्थ ओरडायची, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. मग हसणं, मग काम. लॅकडेझिकल म्हणजे ढिम्म, अंगात उत्साह नसलेला. तो दुपारच्या टेम्पोवाल्याला. रिकॅल्सिट्रंट म्हणजे हेकट. तो पंख्याला, कारण तो काही केल्या फिरत नसे. इन्कॉरिजिबल म्हणजे सुधारणेपलीकडचा. तो मास्टरांनी एका शनिवारी आरशात बघून स्वतःलाच दिला होता, आम्ही पाहिलंय.

एकदा माझ्याच नावाचा पुठ्ठा मिळाला. गॅर्युलस. डोक्यावर घेऊन नाचावं असा शब्द, मी घरी येऊन अर्थ बघितला तर काय! उगाच बडबड करणारी! इतकी वर्षं मी या माणसाचं काम मान मोडून केलं आणि हे? तुझ्या आजोबांना वही दाखवली. ते चष्मा लावून वाचून म्हणाले, "पस्तीस वर्षं मी हेच सांगतोय, तर तुला मराठीत पटेना." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते म्हणे फार सुखात होते.

गंमत अशी की मास्टर कौतुकही त्याच आवाजात करायचे. पूर्वी शिवीत करायचे, आता शब्दात. शांताबाई म्हणून पारोळ्याची विधवा होती, तिनं आपली सुट्टी दुसरीला देऊन टाकली. मास्टर तिच्या तोंडावर गरजले, "मॅग्नॅनिमस!" ती डब्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी धावत जाऊन सांगितलं, अगं, मोठ्या मनाची म्हणाले तुला. तर ती आणखीच रडली. तिला कुणी असं काही म्हटलंच नव्हतं आजवर, कुठल्याच भाषेत.

आणि बघ, तो शब्द मला मॅग्नॅनिमस म्हणून आठवत नाही. शांताबाईचा डबा आठवतो, त्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आठवते, मग शब्द येतो. तुझे पन्नास शब्द का पळून जातात कळलं ना? त्यांना बसायला तू माणूसच दिलेलं नाहीस.

माझ्याकडे 'ए', 'बी', 'सी'सकट डिक्शनरी आहे याचं मास्टरांना फार अप्रूप वाटायचं. सणासुदीला हळूच यायचे, "बेन, 'ए'मधला एखादा द्या की, भारी." मी द्यायची. दोन वर्षं अशी गेली. त्यांची नात मोठ्या बालवाडीत गेली. मधूनमधून ती कारखान्याच्या फाटकापर्यंत यायची, आजोबांच्या खिशातले पेन मोजायची. दोन वर्षांत एक शिवी नाही. हे मी शपथेवर सांगेन.

आता त्या दिवसाचं सांगते.

त्या दिवशी कापडाला सुरकुती येत होती म्हणून मी सुकदेवच्या मशीनजवळ वाकून बघत होते. पदर मी रोज कमरेला घट्ट खोचायची, त्या दिवशी सुटला. कापडाबरोबर रोलरनं पदर ओढला, पदरासरशी मी ओढले गेले. पदर सोडवायला हात घातला तर हातच अडकला. किंचाळले मी, पण मशीनच्या आवाजात माझी किंचाळी मलाच ऐकू आली नाही. सुकदेव सहा पावलांवर, बटणापाशी, पाठ करून कुणाशी बोलत उभा.

मास्टरांनी लांबून बघितलं. पहिल्यांदा ते "बंद कर! बंद कर!" ओरडले. पण आमच्याकडे दिवसातून शंभर वेळा कुणी ना कुणी बंद कर म्हणतं, पंखा बंद कर, गाणं बंद कर. कुणी मान वर केली नाही. मग दोन वर्षांच्या सवयीनं तोंडात आला तो त्या दिवशीचा शब्द. छाती फोडून ओरडले, "डिलेटरी!"

आणि पोरी, ऐक. चाळीस मुंडकी माझ्याकडे वळली.

अर्थासाठी! सुकदेवही वळला. चेहऱ्यावर ते रोजचं अर्धं हसू, भुवया वर, आता ताई काय सांगते ते ऐकायला तयार. मला अजून तो चेहरा दिसतो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणाला काही दिसत नव्हतं. पुढं कापडाचा ढीग होता, त्यांना माझं नुसतं डोकं दिसत होतं. रोलर मनगटापर्यंत आलेला.

तेव्हा मास्टरांनी शिवी दिली.

अर्धी नाही, आखडती नाही. दोन वर्षं आत दाबून ठेवलेली, आईपासून सुरू होऊन सात पिढ्यांपर्यंत जाणारी, सुकदेवचं नाव घालून. ती संपायच्या आत सुकदेवचा हात बटणावर पडला होता. डोक्यानं विचार करून नाही, अंगानंच. मशीन थांबलं.

दोन बोटांची नखं गेली, कातडी सोलली. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन सेकंद गेले असते तर हात कोपरापासून गेला असता.

मला रिक्षात घालताना सुकदेव लहान मुलासारखा रडत होता. मास्टर भिंतीला टेकून बसलेले. मला वाटलं माझ्यासाठी बसलेत. शांताबाई माझ्या कानात म्हणाली, "ताई, त्यांची बाधा मोडली." मग चाळीस माणसांनी तिथंच ठरवलं, कुणी बाहेर बोलायचं नाही. शिवी दिलीच नाही, आम्ही ऐकलीच नाही. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी शिवीसाठी काम बंद पाडलं, तेच.

मी घरी पडून होते. हाताला हे एवढं बँडेज. डाव्या हातानं वही उघडून, आदल्या रात्री उतरवून ठेवलेला तो शब्द परत वाचला. डिलेटरी म्हणजे वेळकाढू, उशीर लावणारा. माझा हात रोलरमध्ये असतानाही त्या माणसानं चुकीचा शब्द वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. मास्टरांची सून. मी तिला एकदाच पाहिली होती. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, तुझे आजोबाही घरीच. ती आत आली, पाणी घेतलं नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "बेन, पप्पांनी काल घरी येऊन सांगितलं की माझ्याकडून शिवी गेली. का, कुणाला, काही सांगत नाहीत. 'बाधा एटले बाधा', नेम म्हणजे नेम, एवढंच म्हणतात. सकाळपासून पोरीची खेळणी स्वतः पिशवीत भरतायत. मला खोटं सांगू नका. काय झालं?"

म्हणजे बघ! आम्ही चाळीस जण तोंड शिवून बसलो आणि हा माणूस घरी जाऊन कबूल झाला. आणि कबूल झाला तर कारणही सांगितलं नाही. माझा हात वाचवला हे एक वाक्य बोलला असता तरी पोरगी राहिली असती. पण नेमाला कारण जोडायचं म्हणजे सवलत मागणं, असं त्यांचं गणित. मग मी सगळं सांगितलं. पदर, रोलर, सुकदेव, चाळीस मुंडकी, सगळं. ती ऐकत होती, पण चेहरा बदलत नव्हता. बँकेतली बाई, तिला पुरावा पाहिजे.

"नक्की काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"शिवी दिली."

"कोणती?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जपमाळ घेऊन कोपऱ्यात. आजोबांच्या हातात चहाची बशी. मी उभ्या आयुष्यात शिवी दिलेली नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, मी हे अर्धवट सांगितलं तर तिला अर्धवटच कळेल. मी डोळे मिटले आणि ती शिवी म्हटली. पूर्ण. मास्टरांच्याच आवाजात, सात पिढ्यांसकट, एक अक्षर न गाळता.

आजोबांची बशी फुटली. सासूबाईंची माळ थांबली ती पुढचा आठवडाभर माझ्यासमोर फिरली नाही.

सून खाली बसली. माझ्या खाटेपाशी, जमिनीवर, बँकेच्या साडीत. माझा बँडेजचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. मग दुसऱ्या हातानं फोन लावला. लाऊडवर होता की आवाज मोठा होता कोण जाणे, मला सगळं ऐकू आलं.

"पप्पा, रमकडां पाछां काढो. अमे क्यांय जता नथी." आम्ही कुठंच जात नाही, म्हणाली.

तिकडून मास्टर म्हणाले, "पण बेटा, बाधा तो तूटी गई."

"बेननो हाथ तो न तूट्यो ने?" ती म्हणाली. "काढा बाहेर खेळणी."

मग पिशवी उपडी केल्यासारखा खडखडाट ऐकू आला, आणि पोरीचं ओरडणं.

आता मास्टर घरीच असतात. ऐकू कमी येतं, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात, पण शब्दच. ती नात दहावीला आहे. मी तुझ्या परीक्षेचं सांगितलं त्यांना, तर म्हणाले, घेऊन या तिला, 'डी'पासून पुढचं सगळं मी देतो. तर ये गं. परीक्षा झाल्यावर नको, तेव्हा तू आणखी लांब गेलेली असशील. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. सुरतेला उतर, मी स्टेशनवर घ्यायला येते, तिथूनच आपण त्यांच्याकडे जाऊ. फक्त येच.